मुद्दल आम्ही फेडू, व्याजाचं बोला

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीचे सर्व सन्माननीय सदस्य

महोदय,

एकतीस वर्षं सरकारी बँकेत काढून मी निवृत्त झालो. त्यातली शेवटची नऊ वर्षं परभणी आणि लातूर जिल्ह्यांतल्या तीन शाखांमध्ये शाखाधिकारी म्हणून गेली. या काळात मी दोन कर्जमाफ्या राबवल्या, शे-सव्वाशे शैक्षणिक कर्जं मंजूर केली आणि त्यातल्या बऱ्याच खात्यांच्या वसुलीसाठी स्वतः लोकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्या दारांपैकी एक अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

२०१८ची दिवाळी नुकतीच झाली होती. मराठवाड्यात पाऊस दगा देऊन गेलेला. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं, तेही मूठभरच म्हणावं असं. मुलगा पुण्यात मेकॅनिकल इंजिनिअर झालेला; खातं तीन महिने थकलेलं, म्हणजे आमच्या भाषेत एनपीए. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, माझं पीककर्ज सरकारनं माफ केलं. पोराचं का नाही? बँक तीच, सातबारा तोच, दुष्काळबी तोच."

मी म्हणालो, "ते खातं वेगळं आहे, काका."

बँकेच्या दृष्टीनं उत्तर बरोबर होतं. पण परत येताना जीपमध्ये ते मला स्वतःलाच पटेना.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, सरसकट शैक्षणिक कर्जमाफी मी मागत नाहीये. कर्जमाफीची पंगत मी वाढप्याच्या जागेवरून पाहिली आहे. २०१७ साली दीड लाखाची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, तेव्हा आपले सरकार केंद्रासमोर नवरा-बायकोच्या जोड्या रात्रीपासून रांगेत होत्या. मग ती 'ग्रीन लिस्ट', म्हणजे माफीला पात्र खात्यांची यादी, आली. एकाच्या खात्याला दुसऱ्याचं आधार, मयताचं नाव, एकाच माणसाच्या दोन नोंदी. दुरुस्त करता करता आमचं वर्ष गेलं. २०१९ची महात्मा जोतिराव फुले योजना, दोन लाखांची, त्या मानानं सुटसुटीत झाली. पण दोन्ही वेळा एक माणूस शाखेत येऊन हमखास बसायचा: ज्यानं म्हैस विकून वेळेवर कर्ज भरलं होतं तो. प्रोत्साहन रक्कम त्यालाही मिळाली. तरी तो मला विचारायचा, "मग मी शहाणपणा कशाला केला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

तेव्हा मुद्दल राहू द्या. कर्ज घेतलं, शिक्षण मिळालं, ते फेडलं पाहिजे. मराठवाड्यातल्या बापाला हे शिकवावं लागत नाही. माझं भांडण व्याजाशी आहे. आणि हप्ता कुठल्या दिवशी सुरू होतो, त्याच्याशी आहे.

आकडे मांडतो, कारण मंत्रालयात आणि बँकांच्या मुख्यालयात ते सरासरीत पाहिले जातात आणि एका घरात ते कसे दिसतात हे सरासरीत कळत नाही. त्या मुलानं चार वर्षांसाठी चार लाख घेतले, दर वर्षी एक लाख. हिशेबाला सोपं म्हणून दहा टक्के दर धरतो. प्रत्यक्षात त्याचा दर याहून जास्त होता. शिक्षणाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, याला मोरेटोरियम म्हणतात. खेड्यात त्याला 'सुट्टी' म्हणतात आणि लोकांना वाटतं व्याजालाही सुट्टी आहे. तशी ती नाही. सरळव्याज चालूच असतं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. एकूण एक लाख चाळीस हजार. हे मुद्दलात मिसळतं आणि पहिला हप्ता भरायच्या दिवशी पोराच्या डोक्यावर पाच लाख चाळीस हजार असतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सात हजार एकशे छत्तीस रुपये. त्याचा पहिला पगार होता चौदा हजार, चाकणच्या एका कारखान्यात, तोही कंत्राटदारामार्फत. खोलीत सहा जण, कॉट बेसिसवर.

आता तेच एक लाख चाळीस हजार बाजूला काढा. हप्ता येतो पाच हजार दोनशे शहाऐंशी. महिन्याला साडेअठराशेचा फरक. तुम्हाआम्हाला तो एका जेवणाचा वाटेल. चौदा हजारांत तो मेसचा अर्धा महिना आहे.

यावर आपला विभाग म्हणेल, यासाठी व्याज अनुदान आहेच. आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून चालू आहे: पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर मोरेटोरियममधलं सगळं व्याज सरकार भरतं. या मुलाचे वडील त्यात शंभर टक्के बसत होते. मग एक लाख चाळीस हजार चढले कसे?

इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल. त्या अनुदानाचा दावा शाखेनं पोर्टलवर भरायचा असतो, सगळ्या बँकांचे दावे गोळा करणाऱ्या नोडल बँकेनं दिलेल्या मुदतीत. आमच्या शाखेत एका वर्षी ते काम पाहणारा अधिकारी बदलून गेला. दुसऱ्या वर्षी उत्पन्नाचा दाखला फायलीत होता, पण कुणी अपलोडच केला नाही. मुदत संपली. विद्यार्थ्याला कोण सांगणार? त्याला दावा नावाची काही चीज असते हेच माहीत नव्हतं. मी शाखेचा प्रमुख होतो. मलाही ते तिसऱ्या वर्षी कळलं, आणि कळल्यावर मी काय केलं? मुख्य कार्यालयाला एक पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र मी लिहिलं नाही. त्या दिवशी त्यांच्या अंगणात मी वसूल करायला गेलो होतो त्यातला काही भाग आमच्याच चुकीचा होता, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी बँकर्स समितीतल्या मंडळींना चांगली माहीत आहे. बँकांच्या संघटनेनं आखलेल्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत २०१५च्या सुधारणेनंतर एक तरतूद आहे: नोकरी गेली किंवा मिळालीच नाही, तर कर्जाच्या काळात दोन-तीन वेळा हप्त्याला पुन्हा सवलतीचा काळ देता येतो. हप्ता सुरुवातीला लहान आणि पुढे मोठा, असाही बांधता येतो. कागदावर सगळं आहे. माझ्या नऊ वर्षांत मी ती एकदाही वापरली नाही, आणि ज्यांना मी ओळखतो त्यातल्या एकाही शाखाधिकाऱ्यानं वापरलेली मला आठवत नाही. का? कारण ती 'देता येते' अशी आहे. जे देता येतं ते न दिल्याबद्दल कुणाला मेमो मिळत नाही. दिलं आणि खातं पुढे बुडलं तर मात्र ऑडिटर पहिला प्रश्न तोच विचारतो.

राज्याच्या योजनांचंही असंच. इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, देशातल्या शिक्षणाला दहा लाखांपर्यंत आणि परदेशातल्या शिक्षणाला वीस लाखांपर्यंत. चांगली आहे. पण तिच्या नावातला 'परतावा' हा शब्द नीट वाचा. आधी हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळणार. म्हणजे ज्याला नोकरी लागली त्याला मदत, आणि ज्याला लागली नाही तो अपात्र. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. तिचं मी स्वागत करतो. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे, मंजूर झाली तेव्हा ८६०, आणि सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांना. त्या यादीतल्या संस्थेत पोचलेल्या मुलाला नोकरीची काळजी तशीही कमीच असते. जिंतूरचा, औशाचा, गंगाखेडचा मुलगा ज्या कॉलेजात जातो ते या यादीत सापडायचं नाही.

थकल्यावर काय होतं तेही ऐका. शैक्षणिक कर्जात आई किंवा बाप सहकर्जदार असतो. मुलाचा हप्ता चुकला की बापाचं सिबिलही, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारे गुण, घसरतं. पुढच्या जूनमध्ये तो पीककर्जाच्या नूतनीकरणाला येतो आणि आमचा कारकून पडद्यावर लाल अक्षरं बघून म्हणतो, आधी पोराचं मिटवा. बियाणं घ्यायचे दिवस असतात. मग तो सावकाराकडे जातो. काही ठिकाणी तर बचत खात्यावर 'होल्ड' लागतो आणि पीएम-किसानचे दोन हजारही अडकतात. पोरानं शिकून घर वर काढावं म्हणून घेतलेलं कर्ज घराचं उरलंसुरलं बियाणंही खाऊन जातं. हे चित्र मी फुगवून रंगवत नाहीये. कुठल्याही तालुक्याच्या शाखेत मे-जूनमध्ये दोन दिवस बाकावर बसून बघा.

मोठ्या कर्जाची तऱ्हा आणखी वेगळी. साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. शेतकरी सातबारा पुढे करतो. आम्ही म्हणतो, शेती नको, एन.ए. प्लॉट आणा, फ्लॅट आणा. कारण बँका ज्या कायद्यानं थकबाकीदाराचं तारण जप्त करतात त्या सरफेसी कायद्यात शेतजमीन जप्त करता येत नाही. सात एकर ओलिताची जमीन असलेल्या माणसाला मी कागदोपत्री तारणहीन ठरवून परत पाठवलं आहे. त्यात बँकेचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. पण ज्याच्याकडे शहरात फ्लॅट आहे त्याच्याच मुलाला पंधरा लाख मिळतात, एवढं नोंदवून ठेवतो.

इथे अमेरिकेचा विषय काढतो, कारण तो आपल्या घरांतही येऊन बसलाय. ऑगस्ट २०२२ मध्ये बायडेन सरकारनं विद्यार्थी कर्जातले दहा हजार डॉलर, आणि गरीब घरांतल्यांचे वीस हजारांपर्यंत, माफ करायची घोषणा केली. त्या रात्री कोथरूडहून माझ्या मेहुण्याचा फोन. "आपल्या बबड्याचंही होईल का हो?" त्याचा मुलगा टेक्सासमध्ये एमएस करायला गेलेला. मी म्हटलं, अरे, त्याचं कर्ज तू पुण्यात फ्लॅट गहाण ठेवून काढलंयस, अमेरिकी सरकार ते कसं माफ करेल? फोनवर बराच वेळ काही आवाज आला नाही. पुढे ३० जून २०२३ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती योजनाच रद्द केली, त्यामुळे तिथल्या मुलांचंही तोंड गोड झालं नाही.

मात्र त्या देशाची एक जुनी योजना मला जास्त शिकवून गेली. २००७ पासून तिथे नियम आहे की सरकारी किंवा लोकसेवेच्या नोकरीत राहून दहा वर्षांत एकशेवीस हप्ते भरले तर उरलेलं कर्ज माफ. शिक्षक, परिचारिका, समाजसेवक या आशेवर दहा वर्षं काम करत राहिले. २०१७ नंतर पहिले अर्ज आले तेव्हा सुरुवातीच्या काळात शंभरातले नव्याण्णवहून जास्त फेटाळले गेले. कर्जाचा प्रकार चुकीचा, हप्त्याची योजना चुकीची, फॉर्म चुकीचा. मी ते वाचलं आणि मला आमच्या शाखेत भरायचे राहिलेले दावे आठवले. श्रीमंत देश असो नाहीतर परभणी, माफी कागदावर असते आणि कागद माणसापर्यंत पोचत नाही.

ऑस्ट्रेलियानं १९८९ मध्ये वेगळी वाट धरली. तिथे परतफेड तारखेवर सुरू होत नाही. उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेलं की आयकराबरोबर आपोआप कापलं जातं. नोकरी गेली की थांबतं. कुणी दारात येत नाही. २०२५ मध्ये त्यांनी सगळ्यांची थकबाकी वीस टक्क्यांनी कमीही केली, पण ती बाब दुय्यम. हप्ता पगाराला बांधलेला आहे, ही खरी गोष्ट. आपल्याकडे असं होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा यूएएन क्रमांक कशासाठी आहे? कापलेल्या कराची नोंद दाखवणारं आयकराचं २६ एएस कशासाठी आहे? पोराला पगार सुरू झाला की नाही हे कळायला आता जीप काढून त्याच्या गावी जावं लागत नाही.

फीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आपल्याकडे समित्या आणि निकाल पुष्कळ आहेत. १९८३ साली वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं. त्यातून ग्रामीण महाराष्ट्रात इंजिनिअर झाले, हे मान्यच करायला हवं. माझा धाकटा भाऊ त्यातलाच. पण तेव्हापासून फी हा सरकार, संस्थाचालक आणि न्यायालय यांच्यातला फुटबॉल झाला. २०१५च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. ते संस्थेनं दाखवलेल्या खर्चावर फी ठरवतं. दाखवलेला खर्च आणि झालेला खर्च यात किती अंतर असतं, हे तिथल्या प्राध्यापकांना हातात मिळणाऱ्या पगाराबद्दल विचारलं तर कळेल. सरकारी संस्थाही काही मागे नाहीत: आयआयटीची बी.टेक.ची वार्षिक फी २०१६ मध्ये नव्वद हजारांवरून एकदम दोन लाख झाली.

८ जुलै २०२४ चा आपला शासन निर्णय मला मनापासून आवडला. आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची शंभर टक्के माफी. आमच्या गल्लीतली एक मुलगी त्यामुळे नांदेडला इंजिनिअरिंगला गेली. तिचे वडील एसटीत वाहक आहेत. पण तिनं माझ्याकडून वसतिगृहासाठी आणि मेससाठी उसने पैसे नेले, कारण ते त्यात नाहीत. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठंही त्यात नाहीत, आणि गेल्या काही वर्षांत किती संस्थांनी 'विद्यापीठ' अशी पाटी लावली हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माफी जिथे लागू त्या आवारातून संस्थाच उठून जाऊ लागल्या, तर माफी कोणाला करणार? आणि मुलीला मिळतं ते तिच्या भावाला निम्मंच का, हा प्रश्न तो भाऊ बँकेत येऊन विचारतो, मंत्रालयात नाही.

आता मागणं. आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलांच्या कर्जावरचं शिक्षणकाळातलं व्याज राज्यानं थेट बँकेत भरावं, परतावा म्हणून नाही, आणि विद्यार्थ्यानं अर्ज करायची वाट न बघता. पीककर्जावरचं व्याज आपण पंजाबराव देशमुख योजनेतून भरतोच, त्यामुळे हे पहिल्यांदा होतंय असं नाही. हप्ता सुरू व्हावा तो पगार सुरू झाल्यावर, आणि ती मर्यादा निदान राज्याच्या किमान वेतनाच्या वर असावी. बेरोजगारीत द्यायची सवलत 'देता येते' ऐवजी 'द्यावी' अशी करा; एवढा एक शब्द बँकर्स समितीनं पुढच्या बैठकीत उचलून धरला तरी शाखाधिकाऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरेल. बापाच्या पीककर्जाला पोराचं खातं आडवं येऊ देऊ नका. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटात काही वर्षं नोकरी करणाऱ्यांचं मुद्दलही हळूहळू उतरवता आलं तर उत्तम, पण ती योजना आणलीत तर फॉर्म एका पानाचा ठेवा आणि तो शाखेनं भरायचा ठेवा.

आणि सगळ्यात आधी, जुन्या चुकलेल्या दाव्यांसाठी ते पोर्टल एकदा पुन्हा उघडायला केंद्राला सांगा. नवीन योजनेला वेळ लागतो, मंत्रिमंडळ लागतं, निवडणूकही लागते. याला फक्त एक पत्र लागतं. प्रत्येक शाखेच्या कपाटात ती खाती आहेत ज्यांचं अनुदान मिळायला हवं होतं आणि मिळालं नाही. माझ्या शाखांत ती कुठल्या वर्षांची आहेत हे मला अजून पाठ आहे. उत्पन्नाचे दाखले फायलीत तसेच लावलेले असतील, पिवळे पडलेले.

बँकेनं बोलावलं तर मी येऊन त्या फायली काढून देईन. मानधन नको. सकाळी दहाला येतो, चहा घरून आणतो. पहिली फाईल कोणाची काढायची ते मी ठरवून ठेवलंय. तो मुलगा आता चाकण सोडून गुजरातला गेलाय म्हणतात, हप्ते अजून चालू आहेत. त्याच्या वडिलांना त्या दिवशी जे सांगायचं राहिलं ते सांगायला मला कागदावर काहीतरी हातात घेऊन जायचं आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाखाधिकारी
परभणी